विश्लेषण : ‘दोघेही चांगले, मग लढले का?’ मुस्लीम मुलांना इस्लामचा आरंभकाळ कसा शिकवला जातो?

मकतबमध्ये किंवा घरी आजीकडून मुहम्मद पैगंबरांच्या सोबत्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेले मूल दहा-बारा वर्षांचे झाले की एक दिवस विचारते, ‘हजरत अली चांगले होते, बीबी आयेशाही चांगल्या होत्या, मग त्यांच्या फौजा समोरासमोर का आल्या?’ बहुतेक मोठ्यांना हा प्रश्न टाळावासा वाटतो. पण घरात उत्तर मिळाले नाही तर ते मोबाइलवर मिळते आणि तिथे उत्तर देणारा अनेकदा दुसऱ्या पंथाला शिव्या घालूनच सुरुवात करतो. इस्लामच्या पहिल्या काही दशकांतील माणसांविषयी मुलांना काय सांगितले जाते, काय वगळले जाते आणि त्यावरून एखाद्या शहरात संचारबंदी लागण्याची वेळ का येते, याचा आढावा.

हा आरंभकाळ म्हणजे नेमका कोणता?

साधारण इ. स. ६१० ते ६८० ही सत्तर वर्षे. मुस्लीम परंपरेनुसार ६१० मध्ये मक्केजवळच्या हिरा गुहेत मुहम्मद पैगंबरांना पहिला साक्षात्कार झाला. ६२२ मध्ये त्यांनी मक्का सोडून मदिनेला स्थलांतर केले. हीच हिजरत आणि हिजरी सन तिथूनच मोजला जातो. ६३२ मध्ये पैगंबरांचे निधन झाले. त्यानंतर अबू बक्र (६३२-६३४), उमर (६३४-६४४), उस्मान (६४४-६५६) आणि अली (६५६-६६१) असे चार खलिफा झाले. ६८० मध्ये, म्हणजे हिजरी सन ६१ च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी, पैगंबरांचे नातू हुसेन इराकमधील करबला येथे मारले गेले.

पैगंबरांना ज्यांनी पाहिले आणि श्रद्धेने साथ दिली, त्यांना ‘सहाबा’ म्हणतात. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी या सहाबांच्या आणि पैगंबरांच्या कुटुंबीयांच्या, म्हणजे ‘अहले-बैत’च्या असतात.

मुलांना ही माणसे कुठे भेटतात?

पहिली जागा घर. झोपताना सांगितलेल्या गोष्टी, रमजानमधील गप्पा, रबिउल-अव्वल महिन्यातील पैगंबर जयंतीचे कार्यक्रम, मोहरममधील मजलिस किंवा वाझ यांतून ही नावे लहानपणीच कानावर पडतात.

दुसरी जागा मकतब. मकतब आणि मदरसा या दोहोंत गल्लत केली जाते. मदरसा ही पूर्णवेळ धार्मिक शिक्षणाची संस्था. मकतब हा शाळा सांभाळून सकाळी किंवा संध्याकाळी तास-दीड तास चालणारा वर्ग असतो, बहुधा मशिदीतच किंवा तिच्या शेजारी. सच्चर समितीने २००६ मध्ये हा फरक स्पष्टपणे नोंदवला होता. शाळेत जाण्याच्या वयातील मुस्लीम मुलांपैकी तीन ते चार टक्केच मुले मदरशात जातात, असे त्या अहवालात म्हटले होते. बाकीची मुले नेहमीच्या शाळेत जातात आणि धर्माचे शिक्षण मकतबमध्ये किंवा घरी घेतात. तिथे मुख्य भर कुराणाचे वाचन, नमाज आणि दुआ यांवर असतो. इतिहास उरलेल्या वेळात आणि गोष्टीच्या रूपात येतो.

तिसरी जागा अर्थातच मोबाइल. कार्टून, व्याख्यानांच्या चित्रफिती आणि वादविवाद सगळे तिथे एकाच पडद्यावर असते. पाच वर्षांच्या मुलासाठीची गोष्ट संपली की पुढची चित्रफीत कोणती लागेल, यावर पालकांचे नियंत्रण नसते.

कोणाच्या गोष्टी सांगतात आणि का?

गोष्ट निवडताना इतिहासक्रमापेक्षा गुण पाहिला जातो. प्रत्येक व्यक्ती एखाद्या गुणाशी जोडलेली असते. अबू बक्र म्हणजे सच्चेपणा आणि मैत्री, उमर म्हणजे न्याय, उस्मान म्हणजे दानत आणि लाजाळूपणा, अली म्हणजे शौर्य आणि ज्ञान, खदिजा म्हणजे आधार.

सर्वात लाडकी गोष्ट बिलाल यांची. मक्केतील गुलाम असलेले बिलाल मूळ हबशाणातील, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरातील कुटुंबातले. नवा धर्म सोडावा म्हणून त्यांचा मालक उमय्या त्यांना तापलेल्या वाळूत झोपवून छातीवर दगड ठेवीत असे. अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले आणि पुढे तेच इस्लामचे पहिले मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, झाले. रंग आणि जन्म यांवरून माणूस मोठा ठरत नाही, हे सहा वर्षांच्या मुलाला या गोष्टीतून एका दमात कळते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तर या गोष्टीला आणखी एक धागा आहे. आफ्रिकेतून आलेल्या लोकांना इथे सिद्दी किंवा हबशी म्हटले गेले. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी महाराष्ट्राला परिचितच आहेत. गुजरातमधील सिद्दी समाजात बिलाल यांच्याशी नाते सांगण्याची परंपरा आहे.

उमर यांची पिठाच्या पोत्याची गोष्टही अशीच घराघरांत ठाऊक असते. खलिफा असताना रात्री फिरताना त्यांना एक बाई दिसते. भुकेलेली मुले झोपी जावीत म्हणून तिने चुलीवर नुसतेच पाणी चढवलेले असते. उमर स्वतः कोठारातून पिठाचे पोते पाठीवर वाहून आणतात आणि स्वयंपाक करून मुलांना जेवू घालतात. तबरीसारख्या जुन्या इतिहासकारानेही ही हकीकत दिली आहे.

या काळातील अनेक व्यक्ती तेव्हा स्वतःच लहान होत्या, हे शिक्षकांच्या पथ्यावर पडते. अली यांनी पैगंबरांना साथ दिली तेव्हा ते दहाएक वर्षांचे होते. अनस बिन मालिक दहाव्या वर्षी पैगंबरांच्या घरी कामाला आले आणि पैगंबर कधी रागावून बोलले नाहीत, ही त्यांची आठवण मुलांना आवर्जून सांगितली जाते. जैद बिन साबित यांनी किशोरवयात पैगंबरांचे लेखनिक म्हणून काम केले आणि पुढे कुराणाच्या संकलनाची जबाबदारी सांभाळली. उसामा बिन जैद विशीच्या आसपास फौजेचे प्रमुख झाले.

स्त्रिया या गोष्टींत कुठे असतात?

पूर्वी बऱ्याच ठिकाणी त्या ‘कोणाची पत्नी’, ‘कोणाची मुलगी’ एवढ्यापुरत्या येत. मूळ साधनांत मात्र त्या खूप अधिक दिसतात. खदिजा स्वतःचा व्यापार चालवणाऱ्या होत्या आणि पैगंबरांवर विश्वास ठेवणारी पहिली व्यक्ती त्याच. सुमय्या या मक्केतील छळात प्राण गमावणाऱ्या पहिल्या शहीद मानल्या जातात. आयेशा यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक हदीस आहेत आणि इतर सहाबांच्या सांगण्यातील चुका त्या स्पष्टपणे दुरुस्त करीत. शिफा बिन्त अब्दुल्लाह यांनी पैगंबरांच्या पत्नी हफ्सा यांना लिहायला शिकवले. कुराणाचे पहिले संकलन पुढे या हफ्सा यांच्याकडेच जपून ठेवलेले होते. करबलानंतर कैदेत नेलेल्या झैनब यांनी दमास्कसच्या दरबारात यझिदला खडसावले, ही घटना शिया घरांत मुलींना विशेष अभिमानाने सांगितली जाते.

मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न घरात निघतो तेव्हा ही नावे उपयोगी पडतात. बाहेरून आणलेल्या दाखल्यापेक्षा शिफा आणि हफ्सा यांचा दाखला आजोबांना लवकर पटतो.

भारतात शिकवण्याची पुस्तके कोणती?

उर्दूत या विषयाची परंपरा भक्कम आहे. शिबली नोमानी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमर यांचे ‘अल-फारूक’ हे चरित्र लिहिले आणि पैगंबरांच्या चरित्राचा मोठा प्रकल्प हाती घेतला. १९१४ मध्ये त्यांच्या निधनानंतर तो त्यांचे शिष्य सय्यद सुलेमान नदवी यांनी पुढे नेला. याच नदवींनी विद्यार्थ्यांसाठी ‘रहमत-ए-आलम’ हे छोटे, सोपे चरित्र लिहिले. मुफ्ती किफायतुल्लाह यांचे ‘तालीमुल इस्लाम’ प्रश्नोत्तरांच्या रूपात असून ते आजही अनेक मकतबांत चालते. अबुल हसन अली नदवी यांनी पुतण्यासाठी म्हणून सोप्या अरबीत पैगंबरांच्या गोष्टींची ‘कससुन नबिय्यीन’ ही मालिका लिहिली. ती भारताबाहेरही अरबी शिकवण्यासाठी वापरली जाते. मौलाना मुहम्मद झकरिया कांधलवी यांच्या ‘हिकायत-ए-सहाबा’मध्ये स्त्रियांवर आणि मुलांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत.

महाराष्ट्रातील अडचण भाषेची. मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, घरी कोकणी, दख्खनी किंवा मराठी बोलणाऱ्या मुलाला साहित्यिक उर्दू जड जाते. तो मकतबमध्ये पाठ करतो, पण समजून घेण्यासाठी मराठी-हिंदीतली पुस्तके किंवा चित्रफिती पाहतो. मराठीत मुहम्मद पैगंबर आणि त्यांच्या काळाविषयी लिहिणारे बिगरमुस्लीम लेखकही झाले. साने गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृती’ हे त्यातील ठळक उदाहरण. शेजाऱ्याच्या धर्माची ओळख व्हावी, ही त्यामागची तळमळ होती.

सांगितल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टी खऱ्या असतात का?

नाही, आणि हे सर्वात आधी उलेमाच सांगतात. भारत-पाकिस्तानात जवळपास प्रत्येक मुलाने एक गोष्ट ऐकलेली असते. एक म्हातारी रोज पैगंबरांच्या अंगावर कचरा टाकत असे. एक दिवस कचरा पडला नाही म्हणून त्यांनी चौकशी केली, ती आजारी असल्याचे कळल्यावर ते तिला भेटायला गेले आणि ती ओशाळली. गोष्ट सुंदर आहे, पण प्रमाण मानल्या जाणाऱ्या हदीस संग्रहांत ती या रूपात सापडत नाही.

हिजरतीच्या वाटेवर सौर गुहेत लपल्याचा उल्लेख कुराणात आहे. गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणल्याची माहिती मात्र अशा कथनातून येते, जे अनेक हदीसतज्ज्ञांनी कमकुवत ठरवले आहे. कबुतरांच्या घरट्याचा आधार तर त्याहून कच्चा आहे.

मग मुलांच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. पैगंबर सजद्यात असताना विरोधकांनी त्यांच्या पाठीवर उंटाची आतडी टाकली आणि लहानग्या फातिमा यांनी धावत येऊन ती दूर केली, ही हकीकत बुखारींच्या संग्रहात आहे. पैगंबरांकडे काम करणारा एक ज्यू मुलगा आजारी पडला तेव्हा ते त्याला भेटायला गेले, हेही तिथेच आहे. म्हणजे सहनशीलता आणि आजाऱ्याची विचारपूस शिकवायला आधार नसलेल्या गोष्टीची गरजच नाही.

गोष्ट पारखायची कशी?

त्यासाठीचे साधन परंपरेतच आहे. प्रत्येक हदीसला ‘इस्नाद’ असते, म्हणजे अमक्याने अमक्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून, अशी साखळी. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो त्या दुसऱ्या माणसाला खरोखर भेटला होता का, याची छाननी करणारे एक शास्त्रच उभे राहिले. या छाननीची गरज होती, कारण आज हाती असलेली साधने घटनांनंतर बऱ्याच काळाने ग्रंथबद्ध झाली. पैगंबरांचे सर्वात जुने विस्तृत चरित्र लिहिणारे इब्न इसहाक आठव्या शतकातले. त्यांचा मजकूर आपल्यापर्यंत मुख्यतः इब्न हिशाम (मृत्यू ८३३) यांच्या संपादनातून पोहोचतो. बुखारी ८७० मध्ये वारले, तबरी ९२३ मध्ये. आपण ऐकलेल्या हकीकती जशा मिळाल्या तशा देत आहोत, त्यातली एखादी विचित्र वाटली तर ती सांगणाऱ्यांकडून आलेली आहे, असे तबरींनी आपल्या इतिहासाच्या प्रस्तावनेतच बजावले आहे.

कानगोष्टींचा खेळ खेळलेल्या मुलाला ही कल्पना सहज समजते. ‘हे कोणी सांगितले? त्याला कोणी सांगितले?’ हे दोन प्रश्न एकदा अंगवळणी पडले की ते फॉरवर्ड झालेल्या मेसेजलाही लावता येतात.

अवघड भाग कुठे सुरू होतो?

पैगंबरांच्या निधनानंतर. पहिल्या चार खलिफांपैकी तिघांचा खून झाला. उमर यांना मदिनेच्या मशिदीत एका इराणी गुलामाने भोसकले. उस्मान यांना बंडखोरांनी त्यांच्याच घरात मारले. अली यांच्यावर कुफ्यात खारिजी गटाच्या माणसाने तलवार चालवली. मध्यंतरी ६५६ मध्ये बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली. एका बाजूला अली, दुसऱ्या बाजूला आयेशा, तल्हा आणि जुबेर. ६५७ मध्ये फुरात नदीकाठी सिफ्फीन येथे अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्या फौजा भिडल्या. ज्यांच्या गोष्टी ऐकून मूल चांगुलपणा शिकले, तीच माणसे इथे परस्परांविरुद्ध उभी दिसतात.

सुन्नी परंपरेत सर्व सहाबा आदरणीय. त्यांच्यातील भांडणांवर निवाडा देऊ नये, जीभ आवरावी, अशी शिकवण आहे. त्यामुळे सुन्नी बालवाङ्‌मय बहुधा उमर यांच्या न्यायापर्यंत सविस्तर चालते, पुढे घाईने आटोपते. शिया परंपरेत पैगंबरांनी ६३२ मध्ये गदीर खुम येथे अली यांना वारस नेमले होते, अशी श्रद्धा आहे. तिथे सहाबांचे मूल्यमापन एकेकाच्या वागण्यावरून केले जाते आणि मुलांच्या शिक्षणाचा गाभा अली, फातिमा, हसन, हुसेन आणि पुढचे इमाम हा असतो. गदीरचा प्रसंग घडल्याचे सुन्नीही मानतात. पैगंबर तिथे जे बोलले त्याचा अर्थ ते वेगळा लावतात.

मुंबईतील डोंगरीसारख्या भागात हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सुन्नी मकतब, खोजा इस्नाअशरींची मजलिस, दाऊदी बोहरांचे वर्ग. आगाखानी इस्माइली मुलांसाठी लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ इस्माइली स्टडीज’ने ‘तालीम’ हा अभ्यासक्रम केला आहे. एका इमारतीतील चार मुले त्याच सत्तर वर्षांविषयी चार वेगळ्या तऱ्हेने शिकत असतात आणि संध्याकाळी एकत्र क्रिकेट खेळतात.

करबला मात्र दोन्ही परंपरांना जोडते. हुसेन यांच्याविषयी सुन्नींनाही ममत्व आहे. महाराष्ट्रात तर मोहरमचे ताबूत गावोगावी हिंदू-मुस्लीम मिळून बसवत आले आहेत. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. त्यामुळे इथल्या अनेक हिंदू मुलांनाही हुसेन हे नाव पुस्तकाआधी ताबुतातून ठाऊक होते.

पुस्तकावरून शहर पेटू शकते का?

पाकिस्तानातील गिलगिटचे उदाहरण सर्वात बोलके आहे. तिथे शियांची संख्या मोठी. २००० च्या सुमारास आलेल्या नव्या शालेय पुस्तकांत आरंभकाळातील व्यक्तींची मांडणी केवळ सुन्नी दृष्टीने केली आहे, नमाजाची पद्धतही एकच दाखवली आहे, असा आक्षेप शिया नेत्यांनी घेतला. निवेदने, मोर्चे आणि शाळांवरील बहिष्कार सुरू झाला. जून २००४ मध्ये गिलगिटमध्ये संचारबंदी लागली. जानेवारी २००५ मध्ये आंदोलनाचे नेते आगा झियाउद्दीन रिझवी यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या दंगलीत अनेक जण मारले गेले. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले होते, त्या मुलांचे वर्ष वाया गेले.

१९७० च्या दशकात पाकिस्तानने शिया विद्यार्थ्यांसाठी धार्मिक विषयाचा वेगळा अभ्यासक्रम आखून पाहिला होता. पुढे झिया उल हक यांच्या राजवटीत एकच अभ्यासक्रम आणला गेला. वेगळी पुस्तके दिली तर मुले वर्गातच विभागली जातात आणि एकच दिले तर एका बाजूला ते लादल्यासारखे वाटते, हा पेच तिथे सुटलेला नाही.

या व्यक्ती चित्रात दाखवायच्या की नाहीत?

मुलांच्या पुस्तकाला चित्रे लागतात, आणि इथे दुसरा पेच येतो. पैगंबरांचे चित्र काढू नये, यावर आज बहुतेक मुस्लिमांचे एकमत आहे. सहाबांबाबत मते वेगळी आहेत. शिया घरांत अली आणि हुसेन यांची चित्रे दिसतात, सुन्नी घरांत सहसा नाहीत. त्यामुळे अनेक बालपुस्तकांत वाळवंट, उंट, खजुराची झाडे, पाठमोऱ्या आकृती किंवा चेहरा कोरा ठेवलेली माणसे दिसतात.

सिनेमानेही अशीच वाट काढली. मुस्तफा अक्कद यांच्या १९७६ च्या ‘द मेसेज’मध्ये पैगंबर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही; कॅमेराच त्यांच्या नजरेने पाहतो. २०१२ मध्ये अरबी वाहिन्यांवर आलेल्या ‘उमर’ या मालिकेत मात्र चारही खलिफा अभिनेत्यांनी साकारले. काही नामवंत धर्मपंडितांनी त्याला सहमती दिली, तर कैरोच्या अल-अझहरने विरोध केला. २०१५ मध्ये माजिद मजिदी यांच्या पैगंबरांच्या बालपणावरील इराणी चित्रपटाला ए. आर. रहमान यांचे संगीत होते. त्यावरून मुंबईतील रझा अकादमीच्या पुढाकाराने दोघांविरुद्ध फतवा निघाला. त्याच वर्षी दुबईत बिलाल यांच्यावर अॅनिमेशनपट तयार झाला. त्यातला बिलाल चेहऱ्यासकट, घोड्यावर स्वार झालेला नायक आहे.

आजचे मूल यातले सगळेच पाहते. घरातला नियम आणि पडद्यावरचे दृश्य यांत फरक का, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

शाळेच्या इतिहासात हा काळ येतो का?

फार थोडा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणे वेगळे, त्याला घटनेचा अडसर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. तरीही प्रत्यक्ष पुस्तकात जागा कमीच. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकात इस्लामचा उदय, खिलाफत आणि पुढच्या राजवटींवर एक प्रकरण होते. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना ते वगळण्यात आले.

परिणामी हा काळ ‘इतिहास’ म्हणून, म्हणजे साधने, नकाशे, व्यापारी मार्ग आणि शेजारची बायझंटाइन व इराणी साम्राज्ये यांच्यासह, मुलांसमोर येतच नाही. मुस्लीम मुलाला तो केवळ श्रद्धेचा भाग म्हणून मिळतो आणि बिगरमुस्लीम मुलाला बहुधा मिळतच नाही. दोघांची गाठ पडते ती समाजमाध्यमांवरच्या भांडणात.

मग शिक्षक आणि पालकांपुढे मार्ग कोणते?

ढोबळमानाने तीन. पहिला, अवघड भाग गाळायचा. लहान मुलांसाठी हे ठीक, पण किशोरवयात ते अंगाशी येते. ‘आपल्यापासून लपवले’ ही भावना एकदा रुजली की पुढचे सगळे शिकवणे संशयास्पद ठरते. दुसरा, आपल्या पंथाची बाजू सांगून दुसऱ्याला खोटे ठरवायचे. त्याचा शेवट कुठे होतो ते गिलगिटने दाखवले आहे.

तिसरा मार्ग वयाप्रमाणे उलगडण्याचा. आठ वर्षांपर्यंत गुणांच्या गोष्टी पुरेशा आहेत. नऊ ते बारा या वयात नकाशा आणि कालपट हाती द्यावा, गोष्ट कुठून आली ते सांगावे. मक्का-मदिना अंतर किती, हबशाणात पहिले स्थलांतर का झाले, तिथल्या ख्रिस्ती राजाने आश्रय का दिला, हे मुलांना आवडते. तेराव्या वर्षानंतर मतभेद सांगावेत, आपली श्रद्धा न लपवता आणि दुसऱ्याची काय आहे तेही त्याच्याच शब्दांत.

या वयात आणखी काही प्रश्न येतात. बिलाल यांना मुक्त केले, मग गुलामगिरी संपली का? खरे उत्तर असे की गुलाम मुक्त करणे हे पुण्य मानले गेले, पण प्रथा पुढेही अनेक शतके टिकली. हे सांगितल्याने बिलाल लहान होत नाहीत.

सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर असे देता येते. उस्मान यांच्या खुनानंतर आधी खुन्यांना शिक्षा की आधी राज्य सावरायचे, यावर मतभेद झाला. बोलणी फिसकटली आणि लढाई झाली. त्यात माणसे मेली, आणि ते दुःखद होते. लढाई संपल्यावर अली यांनी आयेशा यांना सन्मानाने मदिनेला पोहोचते केले. पाच वर्षांनी अली यांचे पुत्र हसन यांनी मुआविया यांच्याशी तह करून रक्तपात थांबवला. कोण बरोबर होते, यावर सुन्नी आणि शिया आजही वेगळे बोलतात आणि मोठे झाल्यावर दोन्ही बाजूंची पुस्तके वाचता येतील, एवढेही सांगून ठेवावे. बारा वर्षांच्या मुलाला हे समजते. शाळेच्या मैदानावर चांगल्या मित्रांची भांडणे त्याने पाहिलेली असतात.